धोट्याची दोनशे वर्षं

१७३३ साली लँकेशायरमधल्या जॉन के नावाच्या कारागिरानं आडवा धागा वाहून नेणाऱ्या धोट्याला चाकं लावली आणि मागाच्या दोन्ही टोकांना एकेक पेटी बसवली. मधली दोरी झटक्यानं ओढली की धोटा या पेटीतून त्या पेटीत धावायचा. विणकराला तो एका हातानं फेकून दुसऱ्या हातानं झेलायची गरज उरली नाही. काम दीडपट, कधी दुप्पट होऊ लागलं आणि कापडाचा पन्हा विणकराच्या हातांच्या लांबीवर अवलंबून राहिला नाही. इतकी उघड फायद्याची ही गोष्ट. पण १९४२ साली भारतातल्या हातमागांची आणि गिरण्यांची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीनं हिशेब मांडला, तेव्हा देशातल्या सुमारे २० लाख हातमागांपैकी जवळपास दोन तृतीयांश मागांवर धोटा अजून हातानंच फेकला जात होता. के यांच्या शोधाला तेव्हा दोनशेहून अधिक वर्षं उलटली होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी याचं एक ठरीव उत्तर देऊन ठेवलं होतं, ते असं की विणकर अडाणी, जातीच्या रिवाजाला चिकटलेला, बापानं केलं तेच करणारा. आपल्याकडच्या सुधारकांनीही ते उत्तर फारसं न तपासता उचललं.

आज नेमकी उलटी तक्रार ऐकू येते. वेबसाइट बांधणाऱ्या प्रोग्रामर मंडळींवर आरोप असा की यांना दर दोन वर्षांनी नवं फ्रेमवर्क लागतं. काल जेक्वेरी, आज अँग्युलर, उद्या रिअॅक्ट, परवा आणखी काही. विणकर बदलतच नाही म्हणून दोषी, प्रोग्रामर फार बदलतो म्हणून दोषी. मला हे दोन्ही आरोप एकाच चुकीतून आलेले दिसतात. दोन्हीकडे नजर जाते ती माणूस आणि त्याच्या हातातलं साधन एवढ्यावरच. साधनाभोवती जो गोतावळा उभा असतो, म्हणजे सूत पुरवणारा, बिघाड काढणारा, माल उचलणारा आणि नुकसान झालं तर ते सोसणारा, तो हिशेबात येतच नाही. तो हिशेबात घेतला तर विणकराचा संथपणा आणि प्रोग्रामरची घाई या दोन्हींचा उलगडा एकाच रीतीनं होतो. फ्रेमवर्क म्हणजे काय हे समजावून सांगायलाही मागाइतकी सोयीची वस्तू मिळणार नाही. माग स्वतः कापड तयार करत नाही. ताण्याचे उभे धागे कोणत्या क्रमानं वर-खाली व्हायचे, आडवा बाणा कुठून जायचा, पन्हा किती राहायचा हे तो आधीच ठरवून ठेवतो आणि उरलेलं विणकरावर सोपवतो. फ्रेमवर्कही तेच करतं. पडदा कधी बदलायचा, माहिती कुठून कुठे जायची, फाइली कुठे ठेवायच्या हे ठरवून देतं आणि मधलं विणकाम प्रोग्रामरकडे सोडतं. म्हणूनच एकदा घेतलेला माग बदलणं हे कुऱ्हाड बदलण्याइतकं सोपं नसतं.

हा प्रश्न बऱ्हाणपुरात नेऊन तपासण्यासारखा आहे, कारण तापीकाठच्या या शहरानं कापडाच्या धंद्यातली जवळपास प्रत्येक उलथापालथ अंगावर घेतली आहे. फारुकी सुलतानांची ही राजधानी. १६०१ साली असीरगड पडला आणि ती अकबराकडे गेली, मग मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचं ठाणं झाली. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सतराव्या शतकात इथून गेला. इथलं झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, असं त्यानं लिहून ठेवलं. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे आलं, पुढे शिंद्यांकडे, आणि १८६० च्या करारानं इंग्रजांकडे. आज ते मध्य प्रदेशात आहे, २००३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे, आणि सीमा ओलांडली की लगेच जळगावचा रावेर तालुका लागतो. तिथल्या बाजारात निमाडी, उर्दू आणि मराठी एकाच वाक्यातही येऊ शकतात. राजवटी बदलल्या तरी विणकाम टिकलं, पण ते कोणत्या मागावर टिकलं याची कथा वेगळी आहे.

ताव्हेर्निएनं पाहिलेल्या कापडांच्या काठापदरांत सोन्याचांदीची जर असे. बऱ्हाणपूरची जर हा स्वतंत्र उद्योगच होता. १८७० साली चार्ल्स ग्रँट यांच्या संपादनाखाली निघालेल्या मध्य प्रांतांच्या गॅझेटियरात तिचं वर्णन आहे आणि ते आजच्या वाचकालाही विचारात पाडणारं आहे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, तापवून आणि ठोकून दोन्ही एकजीव करायचे, मग पोलादी पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांमधून ती कांब ओढत न्यायची, ती केसाइतकी बारीक तार होईपर्यंत. पुढे ती तार चपटी करायची आणि रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची. हे सगळं हुनराचं काम. पण गॅझेटियर ज्यावर भर देतं ती गोष्ट हुनराची नाही, ती टकसालीची आहे. सोनंचांदी आधी टकसालीत तपासली जाई आणि तार ओढण्याचं काम सरकारी देखरेखीखाली चाले. कारण उघड आहे. दूरच्या गावी पैठणी किंवा पागोटं घेणाऱ्याला जरीतलं सोनं किती खरं हे कळायचा मार्ग नव्हता. त्याचा विश्वास कारागिरावर नव्हता, टकसालीच्या तपासणीवर होता.

मग दरबार आटले. पागोट्यांना आणि खिल्लतींना मोठं गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या ल्यों शहराची स्वस्त जर हिंदुस्थानच्या बाजारात आली आणि पुढे यंत्रावरच्या जरीचं केंद्र म्हणून सुरत वर आलं. या सगळ्या काळात बऱ्हाणपूरच्या पोलादी पट्टीतली छिद्रं काही मोठी झाली नव्हती आणि कारागिराची बोटंही बोथट झाली नव्हती. साधन जसंच्या तसं होतं. त्याला अर्थ देणारं आजूबाजूचं माणूसबळ आणि भरवसा तेवढा गेला. वेबच्या दुनियेत जेक्वेरीचं हेच झालं, आणि त्याकडे कुणी पुरेसं लक्ष देत नाही. २००६ साली जॉन रेसिगनं ती बाहेर आणली तेव्हा प्रत्येक ब्राउझर आपापली बोली बोलत होता. एकाच कामासाठी इंटरनेट एक्स्प्लोररला एक सांगावं लागे आणि फायरफॉक्सला दुसरं. जेक्वेरी मध्ये उभी राहून दोघांची भाषा जुळवून देई, जणू ती टकसालच. पुढच्या दहा वर्षांत ब्राउझर एकसारखे बोलू लागले आणि मध्यस्थाची निकड संपली. जेक्वेरी बिघडली म्हणून लोकांनी सोडली नाही. ज्या अडचणीसाठी ती होती ती अडचणच ओसरली. म्हणून तिला 'जुनाट' म्हणणं म्हणजे बऱ्हाणपूरच्या तारकशाला आळशी म्हणण्यासारखंच आहे. आणि हेही खरं की आज ती लाखो साइटींवर निवांत चालू आहे. जिथे कापड विकलं जातं तिथे जुना माग कुणी मुद्दाम मोडत नाही.

आता के यांच्या त्या चाकांच्या, धावत्या धोट्याकडे परत येऊ. विणकर अडाणी होता असं म्हणणाऱ्यांनी खड्डामाग जवळून पाहिला नसावा. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाखालच्या पावड्या दाबून ताणा उघडतो, एका हातानं धोटा सोडतो, दुसऱ्यानं झेलतो, आणि फणीची चौकट पुढे ओढून बाणा ठोकतो. धोटा त्याच्या बोटांतून जातो, त्यामुळे धाग्याचा ताण त्याला बोटांना कळतो. धागा अशक्त लागला की फेक हलकी होते. धावत्या धोट्यात हे सगळं दोरीच्या झटक्यावर जातं. झटक्याला धाग्याची नाजूक जागा कळत नाही. हातानं कातलेलं, कमीजास्त जाडीचं सूत त्या झटक्याला टिकत नाही. तुटलेला धागा जोडण्यात वेगानं मिळवलेला वेळ परत जातो. गिरणीचं एकसारखं, पीळदार सूत आलं तेव्हाच धावता धोटा परवडू लागला. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात निघाली, मुंबई-जबलपूर रेल्वे १८७० मध्ये पूर्ण झाली, नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बऱ्हाणपुरातच लालबागेत ताप्ती मिल उभी राहिली. म्हणजे के यांच्या धोट्याला साजेसं सूत विणकराच्या दारात पोचायलाच एवढा काळ लागला. दोनशे वर्षांचा बराचसा हिशेब इथेच संपतो. विणकर दोनशे वर्षं नाही म्हणत नव्हता. त्यातली बहुतेक वर्षं त्याला विचारण्यातच अर्थ नव्हता.

सूत आल्यावरही सर्वांनी एकदम धोटा बदलला नाही, आणि इथे कापडाचा प्रकार निर्णायक ठरला. जाडंभरडं आणि मध्यम सुती कापड विणणाऱ्यांनी तो आधी उचलला, कारण त्यांची कमाई वेगावर होती. रेशमी, जरीकाठी, काठात निराळ्या रंगाचा धोटा चालवावा लागणारं कापड विणणारे मागे राहिले, कारण त्यांच्या कापडाचा भाव वेगावर ठरत नव्हता. तो काठाच्या सफाईवर ठरत होता. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक तीर्थंकर रॉय यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या या बदलाचा अभ्यास करून जवळपास हेच दाखवलं आहे, की नव्या साधनाचा स्वीकार विणकराच्या स्वभावावर ठरत नव्हता. तो मालावर, बाजारावर आणि सुतावर ठरत होता. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर चार पानांची, क्वचित बदलणारी साइट आणि दिवसाला हजार वेळा आकडे बदलणारा पडदा या दोघांना एकच फ्रेमवर्क लागत नाही. शाळेच्या माहितीपत्रकासाठी रिअॅक्ट आणणारा माणूस म्हणजे मांजरपाट विणायला नक्षीचा जकार्ड माग बसवणारा.

पण या सगळ्या काळात जिथे धावता धोटा पसरला तिथे तो इतका सहज का पसरला, हेही पाहायला हवं. कारण त्याचे प्रतिस्पर्धी होते, आणि ते त्याच्याहून वेगवान होते. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक सुधारलेला हातमाग तयार केला. वेगात तो साध्या धावत्या धोट्याच्या पुढे होता आणि त्याचं त्या काळी कौतुकही पुष्कळ झालं. तरीही विणकरांच्या घरांत तो मोठ्या संख्येनं कधी पोचला नाही. किंमत जास्त, घडण गुंतागुंतीची. आणि माझ्या मते त्याहून मोठं कारण म्हणजे चर्चिलचा माग घ्यायचा तर जुना माग काढूनच टाकावा लागे. धावता धोटा मात्र जुन्या खड्डामागावर बसायचा. गावातला सुतार दोन पेट्या आणि एक दोरी लावून द्यायचा. जमलं नाही तर दोन पेट्या काढायच्या आणि पूर्वीसारखं हातानं फेकायचं. माघारीची वाट उघडी असलेलं साधन माणूस धाडसानं घेतो, आणि ही वाट बंद असलेलं साधन कितीही चांगलं असलं तरी तो लांबून पाहतो. मद्रास इलाख्यात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी सालेमला विणकरांसाठी कारखाना काढला. तिथे नवे माग होते, मजुरी होती, पण घर सोडून ठरावीक तासांत येऊन काम करा अशी अट होती. तो प्रयोग काही वर्षांतच गुंडाळावा लागला. त्यात मागाचा दोष नव्हता. मागासोबत सगळं घर बदलायला सांगितलं होतं, आणि विणकराचं घर म्हणजे कांड्या भरणारी बायको, ताणा लावणारी मुलं आणि सकाळी पाजणीला, म्हणजे ताण्याला खळ लावायला, मोकळा मिळणारा रस्ता.

वेब फ्रेमवर्कच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत मोठी उलथापालथ याच मापानं मोजता येते. २०१० साली आलेलं गूगलचं अँग्युलरजेएस २०१४ पर्यंत चांगलंच पसरलं होतं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्या निर्मात्यांनी पॅरिसच्या एका परिषदेत दुसऱ्या आवृत्तीची रूपरेषा मांडली. ती जवळजवळ नव्यानं लिहिलेली होती आणि जुन्या कोडवरून तिच्यावर यायचा सरळ रस्ता त्या वेळी दिसत नव्हता. नवी आवृत्ती २०१६ मध्ये आली आणि रस्त्याची सोयही झाली, पण मधल्या दोन वर्षांत लोकांनी वेगळा हिशेब केला होता. सगळं पुन्हा लिहायचंच असेल तर दुसऱ्याच चौकटीत का लिहू नये? फेसबुकचं रिअॅक्ट तोवर तयार होतं. आणि त्याची गंमत अशी की २०१३ च्या मे महिन्यात ते जाहीर झालं तेव्हा त्याची थट्टा झाली होती, कारण त्यात पडद्याची मांडणी आणि तर्क एकाच जागी मिसळले होते आणि ते जाणत्यांना अशुद्ध वाटलं. तरी ते पसरलं, कारण ते जुन्या पानाच्या एका कोपऱ्यात बसवता येत होतं. एक बटण, एक यादी, एक खिडकी एवढंच रिअॅक्टमध्ये, बाकी सगळं पूर्वीचं. दोन पेट्या आणि एक दोरी. जमलं तर पुढचा कोपरा. अँग्युलरजेएसची अधिकृत देखभाल ३१ डिसेंबर २०२१ ला थांबली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. तो असा की हे सगळं खरं, पण शेवटी चांगलं साधनच जिंकतं, उशिरा का होईना. त्याचा पुरावाही बऱ्हाणपुरातलाच देता येईल. अब्दुर्रहीम खानखाना यांच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, या शहरात जमिनीखालून पाणी आणण्याची योजना झाली. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात अडवायचं आणि मधूनमधून विहिरीसारख्या कुंड्या खोदून ते उताराच्या जोरावर शहरात आणायचं. कुंडी भंडारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच योजनेचं नाव २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेलं. पंप नाही, वीज नाही, चारशे वर्षं पाणी चालू. चांगल्या साधनाला गोतावळा लागत नाही, असं यावरून म्हणावंसं वाटतं. पण त्याच काळात, त्याच जमिनीत, त्याच पद्धतीनं बऱ्हाणपुरात एकूण आठ पाणीयोजना झाल्या, आणि त्या सगळ्या टिकल्या नाहीत. काही तर पुरत्या नष्ट झाल्या. साधन एक, दैव वेगळं. बोगद्याच्या भिंतींवर पाण्यातला चुना थरावर थर चढतो आणि वाट अरुंद करतो. कुंडी ही नुसती पाणी काढायची जागा नाही, ती आत उतरून साफसफाई करायची जागाही आहे. उतरणारा माणूस मिळेल तोवर पाणी वाहतं. गुण साधनात असतोच, मी तो नाकारत नाही. तो नसेल तर पुढची चर्चाच नाही. पण तो गुण कुठे फळेल आणि कुठे बुजेल हे साधनाबाहेर ठरतं.

दुसरा आक्षेप असा की माणसं खरं तर एकमेकांची नक्कल करतात आणि त्याला आपण हिशेबाचं नाव देतो. शेजाऱ्यानं यंत्रमाग घेतला म्हणून मी घेतला, मोठ्या कंपनीनं रिअॅक्ट घेतलं म्हणून आम्ही घेतलं. नक्कल होते, यात वाद नाही. पण नकलेतही अक्कल असते, आणि यंत्रमागाचा प्रसार तिचं चांगलं उदाहरण आहे. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. तिथून इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आणि बऱ्हाणपूर या गावांत यंत्रमाग ज्या रीतीनं वाढले, त्यात नव्या कोऱ्या यंत्रांपेक्षा गिरण्यांनी काढून टाकलेल्या जुन्या मागांचा वाटा मोठा होता. भंगाराच्या भावात मिळणारं यंत्र लोकांनी का घेतलं? स्वस्त म्हणून, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं की त्या मागाचं पोट उघडून ओळखणारा जॉबर गिरणीतून सुटून त्याच गल्लीत आला होता, धोट्याला टोला देणारी मारकाठी तुटली तर नवी बनवणारा सुतार होता, दाते घासून देणारा लेथवाला होता, आणि माग नको झाला तर तो शेजारच्या गावात विकला जात होता. ज्या गल्लीत शंभर माग एकाच जातीचे आहेत तिथे एकशे एकावा माग तोच घेणं हे मेंढरासारखं वागणं नसतं. वेगळा माग घेणाऱ्याला त्याचा जॉबरही स्वतःच पोसावा लागतो. फ्रेमवर्क निवडताना 'उद्या हा मुलगा नोकरी सोडून गेला तर दुसरा मिळेल का' असा प्रश्न विचारणारा मॅनेजर नेमकं हेच विचारत असतो. म्हणून तांत्रिकदृष्ट्या सुबक, आटोपशीर, जाणकारांना आवडणारी कितीतरी फ्रेमवर्कं कौतुकाच्या पलीकडे जात नाहीत. चर्चिलच्या मागाची ती वारसदार.

तिसरा आक्षेप सरकारचा. यंत्रमाग बाजारानं वाढले की कायद्यानं? दोन्हींनी, आणि कायद्यानं अशा दिशेनं की कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसावी. १९४२ च्या त्याच समितीनं देशात जेमतेम साडेअकरा हजारांच्या आसपास यंत्रमाग मोजले होते. स्वातंत्र्यानंतर गिरण्यांवर उत्पादन शुल्काचा बोजा आला आणि लहान यंत्रमागधारकाला, विशेषतः चार मागांपर्यंतच्या, सूट मिळाली. मग काय, वीस मागांचा कारखाना भाऊ, मेहुणा, बायको आणि मुलगा यांच्या नावांवर चार-चार करून कागदोपत्री विखुरला. एकाच छपराखाली पाच मालक आणि एकच स्विचबोर्ड. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर काम आणखी बाहेर गेलं. १९८५ मध्ये हातमागासाठी २२ प्रकारचं कापड राखून ठेवणारा कायदा झाला, तो न्यायालयात अडकला, १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरला, आणि तरीही धोतर-साडीचं बरंचसं विणकाम यंत्रमागावरच होत राहिलं. साधनाची निवड कायदा ठरवू शकतो, पण त्याच्या हातात सूट देणं जितकं असतं तितकं आवर घालणं नसतं. सॉफ्टवेअरमध्ये कायद्याची जागा परवाना घेतो. २०१७ साली रिअॅक्टच्या परवान्यातल्या पेटंटविषयीच्या कलमावर अपाचे फाउंडेशननं बोट ठेवलं. वर्डप्रेसच्या मॅट मुलेनवेग यांनी सप्टेंबरात रिअॅक्टपासून दूर जायचं जाहीर केलं, आणि थोड्याच दिवसांत फेसबुकनं परवाना बदलून टाकला. कोडची एक ओळही वाईट झाली नव्हती. जॉन के यांच्या धोट्याचं तर पहिल्यापासून हेच होतं. पेटंटचे पैसे टाळण्यासाठी कारखानदारांनी आपसांत 'धोटा मंडळ' काढून खटल्यांचा खर्च वाटून घेतला होता, आणि धोटा मात्र जोरात चालू होता. के बिचारे फ्रान्समध्ये विपन्नावस्थेत गेले.

राहतो सर्वांत अवघड आक्षेप, आणि त्याला माझं उत्तर अर्धवटच आहे. म्हणणं असं की कोडला वजन नसतं. माग लोखंडाचा, त्यात घरातले दागिने गहाण पडतात. फ्रेमवर्क फुकट उतरवून घेता येतं, तेव्हा या दोघांची तुलनाच खोटी. खर्चाबद्दल हे चूक आहे. वर्षानुवर्षं लिहिलेलं कोड पुन्हा लिहिणं म्हणजे विणून तयार झालेलं कापड उसवून पुन्हा विणणं, आणि तेही गिऱ्हाईक दारात उभं असताना. पण एका गोष्टीबद्दल आक्षेप बरोबर आहे, आणि विणकराचा संथपणा व प्रोग्रामरची घाई यांतला खरा फरक मला तिथेच दिसतो. खड्डामागावर बसणारा बऱ्हाणपूरचा मोमीन किंवा येवल्याचा साळी माग निवडायचा तोच, चालवायचा तोच, आणि बुडाला तर उपाशी राहायचाही तोच. निवड आणि भोग एकाच घरात. म्हणून तो शंभरदा विचार करायचा. प्रोग्रामरच्या बाबतीत ही गाठ सुटलेली आहे. फ्रेमवर्क तो निवडतो, खर्च कंपनी करते, आणि दोन वर्षांनी तो नव्या फ्रेमवर्कचा अनुभव बायोडेटात घालून दुसरीकडे जास्त पगारावर जातो. मागे राहिलेला माग कुणी दुसराच चालवतो. यात त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. ज्या बाजारात हुनराची किंमत नव्या नावावर ठरते तिथे नवं नाव शिकणं हाच त्याचा धंदा आहे. पण मग त्याच्या घाईला प्रगती म्हणणं आणि विणकराच्या सावधपणाला मागासलेपण म्हणणं हे दोन्ही थांबवायला हवं. आणि यंत्रमागावर उभा राहून काम करणारा कामगार या दोघांपेक्षाही वेगळा. त्याची मजुरी मीटरवर किंवा पिकावर, म्हणजे बाण्याच्या प्रत्येक फेकीवर, मोजली जाते. माग त्याचा नाही, निवडही त्याची नाही, आणि सूत निकृष्ट असलं तर तुटणाऱ्या धाग्यांत जाणारी मजुरी मात्र त्याची.

गेल्या पंचवीस वर्षांत हा खेळ पुन्हा एकदा मांडला गेला आहे. १९९९ साली केंद्र सरकारनं कापड उद्योगाच्या आधुनिकीकरणासाठी व्याजात सवलतीची योजना आणली आणि बिनधोट्याचे माग सर्वत्र दिसू लागले. एअरजेटमध्ये बाणा हवेच्या झोतानं जातो. रेपियरमध्ये त्याला पट्टी किंवा काठी पकडून नेते. वेग साध्या मागाच्या कितीतरी पट. इचलकरंजीनं ते बऱ्यापैकी उचलले, कारण तिथे शर्टिंगसारखा महाग माल होता, पतपुरवठा करणाऱ्या सहकारी संस्था होत्या, आणि असे माग सांभाळायला शिकलेली माणसं तयार होत होती. बऱ्हाणपूर आणि मालेगावच्या गल्ल्यांत साधा यंत्रमागच मोठ्या संख्येनं राहिला. ताप्ती मिल, जी १९७४ नंतर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे होती, २०२० च्या टाळेबंदीत थांबली. यावर लगेच 'मागास' असा शिक्का मारणारे भेटतात. पण एअरजेटला कोरडी, दाबाखालची हवा अखंड लागते. तिच्यासाठी कॉम्प्रेसर लागतो, कॉम्प्रेसरसाठी खात्रीची वीज, आणि बिघडला तर कंपनीचा माणूस दुसऱ्या शहरातून येईपर्यंत वाट पाहावी लागते. बीमवर चढलेल्या सुताचा हप्ता मात्र थांबत नाही. साध्या मागावर लाइट गेली की धोटा असेल तिथे थांबतो. लाइट आली की कामगार चाक हातानं थोडं मागे फिरवतो, तुटलेला धागा बोटांनी गाठवतो, आणि हँडल ओढतो. मारकाठी तुटली असेल तर ती घेऊन पोरगा गल्लीच्या टोकाशी जातो; तिथे मापाच्या काठ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात.